स्लॉट हाय की, मग स्पेल का नाही?

जुलैतला रविवार. बेळगावात पाऊस एकदा लागला की शहापूरच्या गल्ल्यांत दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात. आमच्या माडीवर पाच जण, मध्ये चटई, चटईवर फासे, पेन्सिली आणि गोकाकच्या मित्रानं आणलेला करदंट. आतेबहिणीची जादूगारीण पुलाच्या ह्या टोकाला उभी, त्या टोकाला हॉबगॉब्लिन नावाच्या राक्षसांची टोळी. पहिल्या फेरीत तिनं फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकला, निम्मे आडवे झाले. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, "परत फायरबॉल."

"येत नाही," मी म्हटलं.

"का? स्लॉट हाय की अजून."

"स्लॉट आहे. खरं त्यात तू सकाळी हेस्ट भरलायस."

"भरलाय म्हणजे? डबा हाय काय तो, दादा?"

होय, डबाच होता. एवढं नेमकं मलाही सुचलं नसतं.

तीन वर्षं आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळत होतो. त्या रविवारी पहिल्यांदाच पाथफाइंडर या त्याच जातीच्या खेळाची दुसरी आवृत्ती काढली होती. नियमांचं पुस्तक मी वाचलं होतं, बाकीच्यांना मात्र "साधारण तसंच आहे" एवढंच सांगून बसवलं होतं. तलवारवाल्यांचं त्यावर भागलं. जादूगारिणीचं भागलं नाही, आणि चूक तिची नव्हती.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसतात. एक जण जग सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र चालवतात, आणि "हे जमेल का?" असा प्रश्न आला की फासा पडतो, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. नियमांचे संच पुष्कळ आहेत, त्यांना सिस्टिम म्हणायचं. सिस्टिम बदलली तरी तलवार तलवारच राहते: फासा टाका, आकडा मिळवा, वार लागला की नाही ते बघा. जादूचं तसं नाही. तलवार कशी असते हे नियम न वाचताही कळतं, पण मंत्र कसा असतो हे नियमच सांगतात. टेबलावर आम्ही मंत्राला स्पेलच म्हणतो, म्हणून इथंही स्पेलच.

आता मुद्द्याचं. कुठल्याच सिस्टिममध्ये जादू फुकट नसते. फुकट असती तर तलवारवाल्यांनी घरी बसावं. किंमत कुठंतरी भरावीच लागते: कुठं सकाळी आगाऊ, कुठं ऐनवेळी फाशावर, कुठं स्वतःच्या अंगातून. नव्या सिस्टिममध्ये गेलेला जादूगार बहुधा आधी स्पेलांची यादी उघडतो आणि ओळखीची नावं शोधतो. त्यानं आधी पैसे भरायची खिडकी शोधावी. यादी नंतर बघता येते.

डब्याची गोष्ट जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली निघाला. त्यातली जादूची कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालच्या कथांवरून आलेली. त्या कथांतल्या जादूगाराच्या डोक्यात एका वेळी मोजकेच मंत्र मावतात. मंत्र उच्चारला की डोक्यातून पुसला जातो, परत पाठ करावा लागतो. खेळात आल्यावर ह्याचा अर्थ असा झाला की सकाळी पुस्तक उघडून स्पेल पाठ करायचे, प्रत्येक जागेत एक. दोन फायरबॉल हवे असतील तर दोन जागा त्यालाच द्यायच्या. दुपारी कळलं की आज फायरबॉल नको होता, पाण्याखाली श्वास घेण्याचा स्पेल हवा होता, तर नशीब आपलं. सकाळी डब्यात वांगं भरलं असेल तर दुपारी वांगंच निघणार.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीनं हे सैल केलं. तिथं मेसच्या कूपनांसारखं चालतं. सकाळी फळ्यावर आजचे पदार्थ लिहायचे, म्हणजे तयार केलेले स्पेल. हातात वेगळी कूपनं, म्हणजे स्लॉट. कूपन दिलं की फळ्यावरचं काहीही मागा, एकच पदार्थ दोनदा मागा, कुणी विचारत नाही. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडं, म्हणजे पुस्तकवाल्या जादूगाराकडं, पहिल्या दर्जाची चार, दुसऱ्याची तीन आणि तिसऱ्याची दोन कूपनं असतात. मोठं कूपन देऊन छोटा पदार्थ मागितला तर पुष्कळदा तोच जास्त वाढून मिळतो. फायरबॉल तिसऱ्या दर्जाचा, आठ फाशांचा. चौथ्या दर्जाच्या स्लॉटमधून टाकला की नऊ फाशांचा.

२०१९ साली निघालेली पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती विझार्डच्या बाबतीत डब्यावरच ठाम राहिली. आतेबहिणीनं तिसऱ्या रँकच्या, म्हणजे दर्जाच्या, एका जागेत फायरबॉल भरला होता, दुसरीत हेस्ट, म्हणजे माणसाचा वेग वाढवणारा स्पेल. फायरबॉल खाऊन झाला, तो कप्पा रिकामा. हेस्टचा कप्पा भरलेला असला तरी त्यातून फायरबॉल कसा निघणार?

तिनं विचारलं, मग ह्यात मजा काय? प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर सगळ्यांना पटत नाही. डब्याची मजा डबा भरण्यात आहे. पुढचा रस्ता कसला आहे, पूल आहे की भुयार, माणसं आहेत की भुतं, हे आदल्या दिवशी हेरून ठेवणाऱ्याला इथं फळ मिळतं. कूपनवाल्या जादूगाराला तेवढी हेरगिरी लागत नाही. ज्याला हेरगिरीचा कंटाळा आहे त्यानं त्याच सिस्टिममध्ये सॉर्सरर नावाचा दुसरा जादूगार घ्यावा. त्याला मोजकेच स्पेल येतात, पण ते त्या रँकच्या उरलेल्या कुठल्याही स्लॉटमधून, स्लॉट संपेपर्यंत हवे तितक्यांदा निघतात. आणि विझार्डच व्हायचंय पण कूपनंच हवीत, असा हट्ट असेल तर थोडे स्लॉट सोडून देऊन तशी सवलत घ्यायचा पर्यायही पाथफाइंडरच्या २०२१ सालच्या जादूवरच्या पुस्तकात आहे. क्वचित लागणारे स्पेल डब्यात भरूच नयेत, ते गुंडाळीवर लिहून पिशवीत ठेवावेत. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

दुसरी ठेच वेळेची लागली. पाचव्या आवृत्तीत आपल्या पाळीला चालणं वेगळं आणि कृती वेगळी. चालत जाऊन स्पेल टाकला तरी काही बिघडत नाही. पाथफाइंडरमध्ये पाळीला सरळ तीन ॲक्शन मिळतात. चालणं एक, दार उघडणं एक, तलवारीचा वार एक, आणि बहुतेक स्पेल दोन. म्हणजे जादूगाराला स्पेल टाकून एकच गोष्ट करता येते. दोनदा चालला तर स्पेल गेला. आमच्या पोरांना वाटलं जादूगाराचे हात बांधले. पण काही स्पेल ह्याच तीन ॲक्शनवर सुंदर खेळतात. हील घ्या. एक ॲक्शन खर्चली तर हात लावून बरं करायचं. दोन खर्चल्या तर तीस फुटांवरच्या माणसाला, आणि वर आठ अंकांची भर. तिन्ही खर्चल्या तर तीस फुटांतल्या सगळ्यांना, फक्त ती आठची भर नाही. किती जीव ओतायचा हे टाकणारा ठरवतो. जुन्या सिस्टिममधून आलेला माणूस पुस्तकातला हा ओळीभर मजकूर वगळून थेट "किती बरं होतं" तिथं नजर टाकतो, आणि निम्मा स्पेल तिथंच हरवतो.

चालू ठेवायच्या स्पेलांचंही असंच. पाचव्या आवृत्तीत कॉन्सन्ट्रेशन नावाची गोष्ट आहे. एका वेळी असा एकच स्पेल मनात धरता येतो, मार बसला की फासा टाकायचा, कमीत कमी दहा यायला हवेत, मार जबर असेल तर जास्त. फासा चुकला की स्पेल सुटला. पाथफाइंडरमध्ये मारानं असा स्पेल सुटत नाही, पण तो जिवंत ठेवायला दर पाळीला एक ॲक्शन द्यावी लागते. इकडं भीती माराची, तिकडं हप्ता. आणि ज्याला तिकडं कॉन्सन्ट्रेशन लागतं त्याला इकडं हप्ता लागेलच असंही नाही. हेस्ट दोन्हीकडं मिनिटभर टिकतो. पाचव्या आवृत्तीत तो मनात धरून बसावं लागतं, आणि सुटला तर ज्याच्यावर टाकला त्याची एक पाळी वाया जाते. पाथफाइंडरमध्ये टाकला की विसरा. आतेबहीण दोन रविवार हेस्ट टाकून खांबाआड लपून बसायची, मार लागून सुटेल म्हणून. कुणीच मारत नव्हतं तिला, आणि मारलं असतं तरी सुटला नसता.

मग फाशांचा हिशेब. तिनं फायरबॉलचे फासे मोजले.

"सहाच? आठ होते की. दोन कुठं गेले?"

दोन गेले, खरं त्या बदल्यात दुसरं मिळालं. पाचव्या आवृत्तीत समोरचा बचावाचा फासा टाकतो. जमलं तर निम्मा मार, नाही जमलं तर पूर्ण. दोनच निकाल. पाथफाइंडरमध्ये चार आहेत. लागणाऱ्या आकड्यापेक्षा दहानं जास्त आलं तर काहीच मार नाही, नुसतं जमलं तर निम्मा, नाही जमलं तर पूर्ण, आणि दहानं कमी पडलं तर दुप्पट. सहा फाशांची सरासरी एकवीस, दुप्पट झाली की बेचाळीस. आठ फाशांची सरासरी अठ्ठावीसच. त्यामुळं समोर दुबळ्यांचा घोळका असेल तर पाथफाइंडरचा फायरबॉल जास्त भाजतो, आणि एकटा दांडगा राक्षस असेल तर कमी.

ह्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. पाचव्या आवृत्तीत माणूस जखडून ठेवणारा होल्ड पर्सन टाकला आणि समोरच्याचा बचाव जमला, की स्लॉटही गेला आणि हाती काही नाही. पाथफाइंडरमध्ये समोरच्याला संथ करणारा स्लो टाकला आणि समोरच्यानं बचाव केला तरी एका फेरीपुरती त्याची एक ॲक्शन जातेच. नव्या माणसाला वाटतं, "माझे स्पेल सारखे फसतायत." फसत नसतात. "जमला" ह्याचा अर्थ तिकडं "थोडंच लागलं" असा असतो. आमच्याकडं एक जण महिनाभर तोंड पाडून बसला होता. शेवटी त्याला मी हिशेब करून दाखवला की मागच्या लढाईत त्याच्या "फसलेल्या" तीन स्लोंनी राक्षसाच्या तीन ॲक्शन खाल्ल्या होत्या, म्हणजे आख्खी एक पाळी.

नावांनी होणारी फसवणूक मात्र सीमाभागातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. लहानपणी मी शेजारच्या आजींकडं दुपारी गेलो की त्या विचारायच्या, "ऊटा?" मी उठून उभा राहायचो. कानडीत ऊटा म्हणजे जेवण. त्या बिचाऱ्या जेवलास का विचारत होत्या. हालु म्हणजे दूध, आणि आमच्या घरी हळू म्हणजे सावकाश, त्यावरून दुधाच्या भांड्याशी काय काय झालं ते सोडा. स्पेलांचंही तसंच. शील्ड हे नाव दोन्हीकडं आहे. पाचव्या आवृत्तीत तो पहिल्या दर्जाचा स्पेल, शत्रूचा वार येताना झटक्यात टाकायचा, बचाव पाचनं वाढतो, स्लॉट जातो. पाथफाइंडरमध्ये तो कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारा बारका स्पेल. स्वतःच्या पाळीत एक ॲक्शन देऊन आधीच टाकून ठेवायचा, बचाव एकनं वाढतो. नाव तेच, काम दुसरंच. "शील्ड टाकतो!" म्हणून शत्रूच्या पाळीत ओरडणारा माणूस माझ्या त्या उठून उभं राहणाऱ्या अवताराचाच भाऊ. ओळखीचं नाव दिसलं की तो स्पेल सगळ्यात आधी वाचावा. अनोळखी स्पेल माणूस तसाही वाचतोच.

इथवर किंमत निदान आधी ठरलेली होती. काही सिस्टिमांत ती ऐनवेळी ठरते.

२०२३ साली आलेल्या शॅडोडार्कमध्ये स्लॉटच नाहीत. स्पेल टाकताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात बुद्धीचा आकडा मिळवायचा, आणि दहा अधिक स्पेलचा दर्जा एवढं यायला हवं. आलं तर स्पेल निघतो आणि परतही टाकता येतो, दिवसभर. नाही आलं तर तो स्पेल विश्रांती घेईपर्यंत गेला. जुनी एम-८० पावसात चालू करण्यासारखं आहे हे. किकवर सुरू झाली तर मग कितीही फिरा, नाही झाली तर ढकलत घरी. बुद्धीचा आकडा तीन असेल तर पहिल्या दर्जाच्या स्पेलला फाशावर आठ किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरातून पासष्ट वेळा जमतं. सरासरी काढली तर स्पेल हातचा जाण्याआधी जेमतेम दोनदा निघतो. पण सरासरी ही टेबलावर कधी दिसत नाही. कधी पहिल्याच फाशाला गेला, कधी सात वेळा निघाला. कूपनवाला जादूगार इथं येतो आणि सवयीनं "मोठा स्पेल शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवू" म्हणतो. इथं राखून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण निघालेला स्पेल खर्च होतच नाही. उलट फाशावर नेमका एक आला तर विझार्डवर अपघाताचा तक्ता उलटतो, म्हणून फालतू कामासाठी स्पेल टाकण्यात मात्र धोका आहे. आमच्या पोरांनी दोन्ही उलटं केलं. मेणबत्ती लावायला स्पेल टाकले आणि राक्षसासमोर जपून ठेवले.

ह्याच शॅडोडार्कमध्ये मशाल खऱ्या घड्याळाच्या तासभर जळते. आम्ही खेळत असताना घरातलीच वीज गेली आणि मोबाईलच्या उजेडात मशालीचे मिनिट मोजत बसलो, ती दुपार मी विसरणार नाही. असो.

२०१२ सालच्या डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये हाच फाशाचा खेळ टोकाला नेलाय. प्रत्येक स्पेलचा स्वतःचा मोठा तक्ता असतो. कमी आलं तर काहीच नाही, मध्यम आलं तर बेताचं, फार जास्त आलं तर स्पेल तुमच्याही हाताबाहेर. आणि फासा कमी पडेल असं वाटलं तर स्वतःची ताकद, चपळाई, चिवटपणा यांतले आकडे जाळून फाशात भर घालता येते. जळलेलं दिवसाला एका अंकाच्या चालीनं परत येतं. चौथ्या रविवारी आमचा विझार्ड इतका कृश झाला होता की त्याची पिशवी दुसऱ्यानं उचलावी लागायची.

गुणांवर चालणाऱ्या सिस्टिमा समजायला सोप्या, तिथं फार थांबत नाही. खिशात ठराविक गुण, स्पेलला ठराविक खर्च, विश्रांतीनं परत भरणा. १९८६ साली आलेल्या गर्प्समध्ये प्रत्येक स्पेल हे वेगळं कौशल्य असतं, दमाच्या गुणांतून खर्च होतो, आणि कौशल्य पंधरावर पोचलं की खर्च एकनं उतरतो. रोजचा स्पेल हळूहळू जवळजवळ फुकट व्हायला लागतो, कामाला सरावलेल्या हातासारखा. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये वेगळीच गंमत आहे: फायरबॉल नावाचा स्पेल शोधू नका, स्फोटाची एकच शक्ती आहे आणि ती कशी दिसते ते तुम्ही ठरवायचं. आतेबहिणीनं तिथं आगीऐवजी संकेश्वरी मिरचीचा लाल भपकारा घेतला. नियम तेच, पण तिनं तो उडवला की माडीवर सगळे खरोखरच खोकायचे.

कॉल ऑफ कथुलूकडं जाताना मात्र मी सगळ्यांना आधी बसवून सांगितलं, कारण तिथं जादूगार नावाचं पात्रच नसतं. सँडी पीटरसन यांचा हा खेळ १९८१ चा. त्यात माणसं साधी असतात: वकील, डॉक्टर, वार्ताहर. स्पेल जुन्या पोथ्यांत सापडतात आणि शिकायला कित्येक आठवडे लागतात. पहिल्यांदा टाकताना मनोबलाची अवघड परीक्षा. जादूचे गुण संपले तरी टाकता येतो, उरलेला खर्च जिवातून वळता होतो. आणि वर मनाचा तोल ढळतो, तो सहजी परत येत नाही. सावकाराकडून उचल घेण्यासारखं. पैसे मिळतात, लगेच मिळतात, पण त्याच्या दाराला पाय लागला की पुढचं सगळं बदलतं. डंजन्समधून आलेला खेळाडू पोथी दिसली की हरखतो, "नवा स्पेल!" इथं पोथी मिळणं ही बहुधा वाईट बातमी असते. आमच्या निपाणीच्या मेहुण्यानं पोथी वाचली नाही, बंद करून तिजोरीत ठेवली, आणि त्या कथेत शेवटपर्यंत शहाणा राहिलेला तो एकटा.

आता माझ्या आवडीची. आर्स मॅजिका, १९८७. जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांचा. काळ तेराव्या शतकातला युरोप, आणि जादू लॅटिनमध्ये. इथं स्पेलांची यादी आहे, पण यादीच्या खाली व्याकरण आहे. पाच क्रियापदं: क्रेओ म्हणजे घडवणं, इंटेलेगो जाणणं, मूटो बदलणं, पेर्डो नष्ट करणं, रेगो ताब्यात ठेवणं. आणि दहा नामं: आग, पाणी, हवा, माती, झाडं, प्राणी, शरीर, मन, आभास आणि खुद्द जादू. एक क्रियापद, एक नाम, झाली जादू. क्रेओ इग्नेम म्हणजे आग घडव. पेर्डो इग्नेम म्हणजे आग विझव. पन्नास जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत कल्पना पोचेल तेवढं.

डंजन्सच्या जादूगाराला इथं सगळ्यात जास्त गोंधळायला होतं. "माझ्याकडं कुठले स्पेल आहेत?" असं तो विचारतो आणि मी म्हणतो, "तुला काय करायचंय ते सांग." पण आमच्या टेबलावर हे कुणालाच फार समजवावं लागलं नाही, कारण आमच्याकडं निम्म्या लोकांनी कानडी असंच शिकलंय. आधी पाठ केलेली वाक्यं: बाजारात जायचं आणि "एष्टु?", म्हणजे किती, विचारायचं, "बेकु" म्हणजे हवं, "बेडा" म्हणजे नको, "कोडरी" म्हणजे द्या. तेवढं घडाघडा येतं, चुकत नाही, पण त्याच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. मग हळूहळू क्रियापदं कळतात, नामं गोळा होतात, आणि एक दिवस बँकेत उभं राहून माणूस स्वतःचं वाक्य जोडतो. अडखळत, अर्धवट, घाम फुटून. काम मात्र होतं.

आर्स मॅजिकात हे जसंच्या तसं नियमांत आहे. पाठ केलेला स्पेल टाकताना क्रियापदाचा आकडा, नामाचा आकडा, दम आणि फासा यांची पूर्ण बेरीज मिळते. ती दहापर्यंत कमी पडली तरी स्पेल निघतो, फक्त थकवा येतो. उत्स्फूर्त जादूत मात्र त्याच बेरजेचे दोन भाग करून एकच हाती येतो, तोही थकवा पत्करून. थकायचं नसेल तर फासा नाही, आणि उरलेल्या बेरजेचा पाचवा हिस्सा. म्हणजे पाठ वाक्यात जोर, जोडलेल्या वाक्यात मोकळीक. गोकाकच्या मित्राचं उलट, त्याचं कानडी घरचं आणि मराठी जोडलेलं. त्यानं नियम ऐकले आणि म्हणाला, "मी तुमच्यात सगळं निम्म्यावरच बोलतो की, दहा वर्षं झाली."

एका कथेत मी मलप्रभेला पूर आणला होता. कणकुंबीच्या रानातून खाली येताना नदी फुगलेली, पलीकडं गाव. जुन्या सवयीचा एक जण कागद चाळून म्हणाला, पाण्यावरून चालायचा स्पेल नाही, संपलं. आतेबहीण म्हणाली, रेगो आक्वाम, पाणी दोन घटका धरून ठेवते. मेहुणा म्हणाला, पाण्याशी कशाला भांडता, रेगो कॉर्पस, आपल्यालाच उचलून पलीकडं ठेवा. अर्धा तास नदीकाठी व्याकरणावर वाद झाला. अशा वादासाठीच मी ही सिस्टिम काढतो.

अलीकडं सिस्टिम बदलली की पहिला रविवार मी वाया घालवतो, मुद्दाम. कथा नाही, गाव नाही. नुसती एक खोटी लढाई, जिची कुठं नोंद होणार नाही. प्रत्येकानं आपला सगळ्यात आवडता स्पेल टाकायचा, संपेपर्यंत टाकायचा, आणि कशानं संपला ते बघायचं. कप्पा रिकामा झाला, फासा चुकला, दम गेला की मन ढळलं? खिडकी अशी हातानं चाचपली की डोक्यात राहते, वाचून राहत नाही. आणि जुनं पात्र नव्या सिस्टिममध्ये आणायचं असेल तर स्पेलांची यादी उतरवून घेऊ नये. त्या पात्रानं आजवर काय काय केलं ते लिहावं: दारं उघडली, दोस्तांना पळवून नेलं, गर्दी भाजली. मग नव्या पुस्तकात ती कामं करणारं जे काही असेल ते निवडावं, नाव कसंही असो. पहिले तीन रविवार एक सवलतही देतो. जुन्या सवयीनं केलेली चाल परत घेता येते, फक्त "तिकडं असं होतं" हे वाक्य म्हणावं लागतं. चौथ्या रविवारी सवलत बंद.

पुलावरच्या त्या दिवशी मात्र ही सवलत नव्हती. जादूगारीण हेस्ट टाकून मागं सरली आणि उरलेले हॉबगॉब्लिन तलवारवाल्यांनी उरकले.

पुढच्या रविवारी ती आली तीच डबा भरून. तिसऱ्या रँकच्या दोन्ही जागांत फायरबॉल, कागदावर लाल पेननं लिहिलेले, खाली दोन रेघा. त्या दिवशी टोळी भुयारात शिरली. भुयार दहा फूट रुंद, फायरबॉलचा घेर चहूकडं वीस फूट, आणि सगळ्यात पुढं, शत्रूच्या अगदी छातीला छाती लावून, गोकाकचा मित्र. त्याला मराठी चांगलं येतं. पण तिनं फाशांच्या वाटीत हात घातला तेव्हा त्याच्या तोंडून पाठ असलेलंच निघालं.

"अक्का, बेडा!"

तिनं सहा मोजून घेतले.